दार कुणीकडे उघडतं?

ऑटोकॅडची नवी आवृत्ती आली, की आमच्या कचेरीतली तरुण मंडळी ती दिवाळी अंकासारखी चाळतात आणि मग मला शिकवायला येतात. २०२३ साली जी आवृत्ती आली (तिचं नाव २०२४, नाव नेहमी एक वर्ष पुढचं), तिच्यातली एक सोय आमच्या शिकाऊ मुलीनं मला परवा करून दाखवली. दार, बेसिन, कमोड अशी वरचेवर लागणारी चित्रं एकदाच काढून साठवायची, त्याला ब्लॉक म्हणतात. आता ब्लॉक घेऊन भिंतीपाशी गेलं, की त्याच नकाशात तो आधी कुठं आणि कसा बसवला होता हे प्रोग्रॅम बघतो आणि तशीच जागा, तोच कोन सुचवतो. आपण फक्त हो म्हणायचं.

तिनं भराभरा चार न्हाणीघरांना दारं बसवली. मला मात्र २००१ साल आठवलं.

मी ट्रेसिंग पेपरवर शाईनं नकाशे काढत होतो. रेघ चुकली की ब्लेडनं हलक्या हातानं खरवडायची. जोर जास्त झाला की कागदाला भोक. त्या दिवसांची मला फारशी हळहळ नाही. आमचे मुख्य ड्राफ्ट्समन, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, एक मात्र करायचे. मी दाराची कमान काढायला लागलो की मागून विचारायचे, "अरे, हे कुणाच्या अंगावर उघडतंय?" मग १९९२ ची बारावी आवृत्ती मी डॉसवर शिकलो. तेरावीला पुष्कळांनी वळसाच घातला. चौदावी १९९७ ची, तिनं डॉसला कायमचा रामराम ठोकला. आणि १९९९ मध्ये 'ऑटोकॅड २०००' आलं. एकाच वेळी अनेक नकाशे उघडून ठेवायचे, एकातलं उचलायचं, दुसऱ्यात टाकायचं! आम्ही अक्षरशः हरखलो.

त्याच हर्षात मी एका बंगल्याच्या नकाशातलं अख्खं न्हाणीघर उचललं आणि दुसऱ्यात टाकलं. फरशीच्या मापात चपखल बसलं. दार आत उघडणारं होतं, पहिल्या घरात ते तसंच हवं होतं. दुसऱ्या घरात मात्र ती खोली मालकांच्या आईची होती. वय ऐंशीच्या पुढे. नकाशा मी काढला, तपासणाऱ्याच्या चौकटीत सहीही माझीच.

घर झाल्यावर वर्षभरात आजी आत पाय घसरून पडल्या. नेमक्या दाराला टेकून. कडी लावलेली नव्हती, तरी दार ढकलता येईना; ढकललं की आतून विव्हळणं ऐकू यायचं. शेवटी खिडकीच्या काचेच्या पट्ट्या काढून शेजारचा एक पोरगा आत उतरला. मांडीचं हाड मोडलं होतं. आजी त्यातून वाचल्या, पण काठीशिवाय पुन्हा चालल्या नाहीत. हे मला मालकांनीच सांगितलं, तेही रागानं नव्हे. दार बदलायला सुतार कुठला घ्यावा हे विचारायला आले होते.

हातानं काढलं असतं तर चुकलो नसतो, असं मी म्हणणार नाही. पण तेव्हा प्रत्येक दार वेगळं काढावं लागे आणि तेवढ्या वेळात अण्णांचा प्रश्न यायला सवड असे. माझ्या त्या चुकीचा दोष यंत्राला देता येत नाही. त्यानं सांगितलं तेच केलं. आता ते न सांगता, मागचं बघून सुचवतं, एवढाच फरक. आणि मागचं म्हणजे मीच घाईत ठेवलेलं.

"कुणीकडे उघडतंय?" मी मुलीला विचारलं.

"आधीच्यासारखंच, सर. चारही."

"त्यातली एक खोली आजोबांची आहे ना?"

तिनं नकाशावरची खोल्यांची नावं वाचली, त्या दारावरच्या छोट्या बाणावर टिचकी मारली. दार बाहेर फिरलं आणि थेट कपड्यांच्या कपाटावर आदळायला लागलं. कपाट सरकवलं तर पलंग खिडकीखाली जाईना. तिनं कपाळाला हात लावला, मी खुर्ची ओढून शेजारी बसलो. ती एक खोली लावता लावता आम्हाला संध्याकाळचे सात वाजले.