घसा, कान आणि तीन गोळ्यांचं पाकीट

सियागंजात शिरलं की पत्ता आधी नाकाला कळतो. मिरची, हळद, धण्याच्या पोत्यांमधून हमाल वाट काढत असतात आणि नवखा माणूस दहा पावलांत खोकायला लागतो. माझे बाबा तिथल्या एका किराणा पेढीवर हिशेब लिहितात. वीस वर्षं तीच हवा त्यांच्या घशात जातेय. घसा धरला की संध्याकाळी त्यांच्या खिशात अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्यांचं पाकीट हमखास असतं. दुकानदार चिठ्ठी मागत नाही आणि बाबांकडे ती नसतेच.

यंदा जानेवारीच्या शेवटी माझाच आवाज बसला. ३ फेब्रुवारीला संत ब्लेझ यांचा सण. घशाच्या आजारांचे ते आश्रयदाते. मिस्सानंतर फादर दोन मेणबत्त्या गळ्याशी धरून आशीर्वाद देतात. मला कॉयरमध्ये गायचं होतं. बाबांनी पाकीट पुढे केलं, ‘‘घे, तीन दिवसांत मोकळी होशील.’’ तिन्ही गोळ्या घेतल्या. आवाज आला नाही, पोट मात्र बिघडलं. शेवटी डॉक्टरकडे गेले. त्यांनी घसा पाहिला, खोकला आणि नाक गळण्याबद्दल विचारलं आणि म्हणाले, ‘‘हा व्हायरस आहे. त्या गोळ्यांचा इथे काही संबंधच नव्हता.’’

मी साहित्याची विद्यार्थिनी. पण हा ‘संबंध नव्हता’ डोक्यातून जाईना, म्हणून वाचायला घेतलं.

अँटिबायोटिक जिवाणूंवर काम करतं, विषाणूंवर नाही. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं जिवाणूची बाहेरची भिंत नीट बांधू देत नाहीत. अ‍ॅझिथ्रोमायसिन जिवाणूच्या आतला प्रथिनांचा कारखाना बंद पाडतं. विषाणूला तशी भिंत नसते आणि स्वतःचा कारखानाही नसतो. तो आपल्याच पेशींचा वापरतो. मग पाडायचं काय आणि बंद करायचं काय?

आणि घसादुखी बहुतेक वेळा विषाणूंचीच असते. स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जिवाणूमुळे होणारी घसादुखी मोठ्यांमध्ये साधारण दहात एखादी, लहान मुलांत दहात दोन-तीन. डॉक्टर चार गोष्टी बघतात: ताप आहे का, टॉन्सिल सुजून त्यावर पांढरे ठिपके आहेत का, मानेच्या पुढच्या गाठी दुखतात का, आणि खोकला *नाही* ना. खोकला आणि वाहतं नाक असेल तर पारडं विषाणूकडे झुकतं. माझ्याकडे दोन्ही होतं.

घरी येऊन मी हे सगळं बाबांना ऐकवलं, जरा शहाणपणाच्या सुरात. बाबा एवढंच म्हणाले, ‘‘अक्काचं काय झालं ते विसरलीस?’’

अक्का म्हणजे माझी आत्या. नऊ वर्षांची असताना तिचा घसा दुखला. आजीनं हळद-दूध दिलं, घसा बरा झाला. दोन-तीन आठवड्यांनी ताप आला, गुडघे सुजले. हा संधिवाताचा ताप. स्ट्रेप्टोकॉकसशी लढायला तयार झालेली शरीराची फौज चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर चाल करते. आत्याची एक झडप कायमची बिघडली. पुन्हा तसा ताप येऊ नये म्हणून तिनं कित्येक वर्षं दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घेतलं. घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य औषध सुरू झालं असतं, तर बहुधा हे टळलं असतं.

तेव्हा मला ते पाकीट कळलं. बाबा गोळी घेत नव्हते, भीतीवर उतारा घेत होते. त्यांची भीती खरी आहे; चुकतो तो उपाय. स्ट्रेप्टोकॉकस असेल तर पहिली पसंती आजही पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन, तेही पूर्ण दहा दिवस. हा जिवाणू इतक्या वर्षांनंतरही पेनिसिलिनपुढे हात टेकतो. अ‍ॅझिथ्रोमायसिनला मात्र त्याच्या काही जाती दाद देत नाहीत. म्हणजे तीन गोळ्यांनी व्हायरस जात नाही आणि खरा शत्रू असला तरी तो जाईलच याची खात्री नाही.

कानाचंही असंच. मधल्या कानात पू झाला तर अँटिबायोटिक लागू शकतं, पण सौम्य दुखण्यात थोड्या मोठ्या मुलांना डॉक्टर दोन-तीन दिवस नुसती वेदनेची गोळी देऊन वाट पाहतात. बाहेरच्या कानाला बुरशी लागली तर अँटिबायोटिकचे थेंब उलट तिला मोकळं रान देतात. आणि पडद्याला भोक असताना जेंटामायसिनसारखे थेंब घातले तर ऐकूच कमी येऊ शकतं. म्हणून शेजारच्या काकूंची उरलेली बाटली कानात रिकामी करू नका, तेल-लसूणही नको. सायनसचं दुखणं दहा दिवसांच्या वर गेलं, किंवा बरं होता होता पुन्हा उलटलं, तर जिवाणूंचा संशय घ्यायचा.

पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५च्या नोबेल व्याख्यानात एक काल्पनिक गोष्ट सांगितली होती. एका गृहस्थाचा घसा दुखतो, तो स्वतःच अपुरं पेनिसिलिन घेतो, जिवाणू मरत नाहीत, उलट शिकून तयार होतात. मग तेच त्याच्या बायकोला लागतात आणि औषध चालत नाही म्हणून ती मरते. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ साली उभी राहिली, १९५५मध्ये तिथे पेनिसिलिन बनू लागलं. ज्या औषधासाठी देशानं कारखाना उभारला, ते आपण आज बडीशेपेसारखं मागतो.

कायदा आहे. पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. १ मार्च २०१४पासून सेफिक्झिमसारख्या औषधांची विक्री दुकानदारानं वहीत नोंदवायची असते. पण काउंटरच्या अलीकडे आपणच ‘‘भैया, कुछ स्ट्राँग दे दो’’ म्हणत असलो तर लाल रेघ काय करणार?

त्या सणाला मी गायले नाही. शेवटच्या बाकावर बसले, गळ्याशी मेणबत्त्यांचा आशीर्वाद घेतला. आठवड्यानं आवाज आपोआप परतला.

मागच्या महिन्यात बाबांचा घसा पुन्हा धरला. ते पेढीवरून थेट दवाखान्यात गेले आणि रात्री उशिरा घरी आले. डॉक्टरांनी गुळण्या आणि तोंडाला रुमाल सांगितला होता. ‘‘शंभर मीठ-पाण्याच्या गुळण्यांची फी घेतली त्यानं,’’ बाबा कुरकुरले. पण खिशात पाकीट नव्हतं.