वसतिगृहाचा नवा अधीक्षक

शैक्षणिक वर्ष सुरू झाले, की वसतिगृहात दोन प्रकारची नवखी माणसे दाखल होतात. एक, घर प्रथमच सोडून आलेला विद्यार्थी. आणि दुसरा, त्याची काळजी वाहण्यासाठी नेमलेला नवा अधीक्षक. विद्यार्थ्याची भीती सर्वांना ठाऊक असते. अधीक्षकाच्या भीतीचा विचार सहसा कोणी करीत नाही. शेजारच्या खोलीतील मुलगा दोन दिवस जेवला नाही आणि आता दारही उघडीत नाही, असे कोणी मध्यरात्री येऊन सांगितले, तर प्रथम काय करावे, हे त्याला कोणी शिकविलेले नसते. मग तो एक तर नियमावली पुढे करून आवाज चढवितो, किंवा ‘सकाळी पाहू’ म्हणून वेळ मारून नेतो. याची किंमत मोजावी लागते ती त्या मुलाला.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली रॅगिंगच्या प्रतिबंधासाठी विनियम केले. शिस्त राखण्याबरोबरच तरुणांशी वर्गाबाहेर संवाद साधण्याचे व त्यांना समुपदेशन करण्याचे कौशल्य अधीक्षकाच्या अंगी असावे, अशी अपेक्षा त्यांत आहे. परंतु हे कौशल्य नेमणुकीच्या पत्राबरोबर हाती येत नाही.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ साली असे मांडले, की ‘हे मला जमेल’ हा विश्वास चार वाटांनी येतो : स्वतः काम पार पाडल्याने, आपल्यासारख्या दुसऱ्याला ते करताना पाहिल्याने, इतरांनी दिलेल्या धीराने, आणि स्वतःच्या मनाची व शरीराची घालमेल आवरता आल्याने. यांत पहिली वाट सर्वांत प्रभावी.

म्हणूनच नुसत्या व्याख्यानापेक्षा तालीम अधिक उपयोगी पडते. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत वसतिगृहाचे जुने साहाय्यक बंद खोल्यांत भांडणाचे, मद्यपानाचे, निराशेचे प्रसंग वठवितात. नवखा साहाय्यक दार ठोठावून आत जातो व प्रसंग हाताळतो. नंतर काय साधले आणि काय राहिले, याची चर्चा होते. तेथे चूक झाली, तरी कोणाचे नुकसान होत नाही. आपल्याकडेही सत्रारंभी दोन रिकाम्या खोल्या आणि एक अनुभवी अधीक्षक एवढ्यावर हे साधता येईल.

आपली मर्यादा ओळखणे हाही या शिक्षणाचा भाग होय. अधीक्षक वैद्य नव्हे. डॉक्टरांना केव्हा बोलवावे, पालकांना केव्हा कळवावे, २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ या सेवेचा १४४१६ हा क्रमांक केव्हा फिरवावा, हे आधीच ठरलेले असले, म्हणजे मध्यरात्री त्याचे पाऊल अडखळत नाही. तो उठतो आणि त्या बंद दाराकडे जातो.