पदार्पणातच तिसरा क्रमांक!

आपल्या नया बाजारात क्रिकेट आणि हॉकीच्या गप्पा नेहमीच्याच. फुटबॉलचा विषय निघाला, तर मुलांच्या तोंडी नावे असतात ती परदेशी क्लबांची. पण आपल्यापैकी कितीतरी घरांचे नातेवाईक असलेल्या पुण्यातही एक क्लब होता आणि त्याची गोष्ट मुलांना जरूर सांगावी अशी आहे.

अशोक पिरामल समूहाने २००७ साली पुणे एफसी हा क्लब सुरू केला. दोनच वर्षांत, २००९ मध्ये, हा संघ द्वितीय श्रेणीतून आय-लीगमध्ये पोहोचला. नवख्या संघाने पहिल्या वर्षी टिकून राहिले तरी पुष्कळ, असे मानले जाते. समोर डेम्पो, चर्चिल ब्रदर्स, मोहन बागान, ईस्ट बंगाल असे मातब्बर संघ होते. एकूण १४ संघ, प्रत्येकाचे २६ सामने. हंगाम संपला तेव्हा विजेता डेम्पो, दुसरा चर्चिल आणि तिसरे पुणे!

प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा, भारताचे माजी बचावपटू. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली होती. लीगमध्ये विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. एक सामना हरला म्हणून सगळे संपत नाही, पण महिनोन्‌महिने सातत्य मात्र राखावे लागते. २०१२-१३ मध्ये पुण्याने उपविजेतेपदही मिळवले. क्लबच्या अकादमीत मुले घडत होती. केरळचा आशिक कुरुनियन तिथेच शिकला आणि पुढे भारताकडून खेळला.

एवढे असूनही २०१४-१५ नंतर पुणे एफसी आय-लीगमध्ये दिसला नाही. महिंद्रा युनायटेड तर त्याआधीच, २०१० मध्ये, बंद झाला होता. मैदानावरची प्रगती एकटी क्लबला तारू शकत नाही. त्यासाठी पैसा लागतो आणि संघाला आपला मानणारे गावही लागते.

ग्वाल्हेरला शारीरिक शिक्षणाची परंपरा आहे. इथले लक्ष्मीबाई महाविद्यालय १९५७ पासूनचे. तेव्हा मुलांना मोबाइलवर परदेशी सामने जरूर पाहू द्या, पण गावात एखादा सामना असेल तर एखाद्या रविवारी सहकुटुंब तिथेही जा. खेळणाऱ्या पोरांना टाळ्यांचा फार आधार वाटतो.