पाहुणे सायकलवरून येतात

अमेरिकेतल्या कॉलेजांत ग्रीक अक्षरांची नावं लावणाऱ्या मुलांच्या संघटना असतात. त्यांना फ्रॅटर्निटी म्हणतात. पार्ट्या, दंगा आणि नवख्यांचं रॅगिंग यांपायी त्या जास्त बदनाम. त्यातल्याच 'पाय कॅपा फाय' नावाच्या एका संघटनेची मुलं गेली कित्येक वर्षं उन्हाळ्याच्या सुट्टीत सायकलवरून अख्खा देश ओलांडतात, आणि तेही दिव्यांगांसाठी. या यात्रेचं नाव 'जर्नी ऑफ होप'. पश्चिम किनाऱ्यावर सॅन फ्रान्सिस्को किंवा सिएटलहून निघायचं, वाळवंट, रॉकी पर्वत आणि मधली अफाट शेतं मागे टाकायची आणि ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनला कॅपिटॉलसमोर, म्हणजे तिथल्या संसदभवनासमोर, पोचायचं. अंतर सुमारे ४,००० मैल, म्हणजे जवळपास साडेसहा हजार किलोमीटर. वेगवेगळ्या मार्गांनी आलेल्या तुकड्या शेवटी एकत्र येतात.

याची सुरुवात सायकलीपासून झालेली नाही. १९०४ साली चार्ल्स्टनच्या कॉलेजात जन्मलेल्या या संघटनेने १९७७ मध्ये स्वतःचं सेवाकार्य सुरू केलं. तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना खेळता येईल, हाताळता येईल अशी साधनं तयार करायची आणि ती संस्थांना द्यायची, एवढाच त्याचा आवाका होता. १९८७ मध्ये ब्रूस रॉजर्स नावाचा एक सदस्य या कामासाठी एकट्याने सायकलवर देश ओलांडून गेला. पुढच्याच वर्षी २१ जणांची तुकडी निघाली आणि यात्रेचा पायंडा पडला. या सेवाकार्याचं आजचं नाव 'द एबिलिटी एक्स्पीरियन्स'.

यात्रेत यायचं तर प्रत्येकाला आधी हजारो डॉलरचा निधी जमवावा लागतो. मग रोजचा दिनक्रम ठरलेला: पहाटे उठायचं, ऊन चढण्याआधी जमेल तेवढं अंतर तोडायचं. दिवसाला सरासरी शंभर-सव्वाशे किलोमीटर. सोबतच्या गाड्यांमध्ये सामान, पाणी, पंक्चरचं साहित्य आणि सायकल न चालवणारे साथीदार. रात्री चर्चच्या सभागृहात किंवा शाळेच्या जिममध्ये जमिनीवर पथारी. जेवण बहुधा गावाकडून. कुठे चर्चच्या बायका करतात, कुठे एखादा क्लब, कुठे हॉटेलवाला.

पण या यात्रेचा गाभा रस्त्यावर नसून मुक्कामाच्या गावात आहे. जवळजवळ रोज, गावात पोचल्यावर किंवा संध्याकाळी, 'फ्रेंडशिप व्हिजिट' असते. स्थानिक दिव्यांगांची संस्था यजमान असते. भाषणं थोडकी, खेळणं, नाचणं आणि एकत्र जेवणं जास्त. व्हीलचेअरवरच्या बास्केटबॉलमध्ये या धट्ट्याकट्ट्या पोरांनाही व्हीलचेअरवर बसावं लागतं आणि त्यांची चांगलीच त्रेधा उडते. चाक वळवावं की चेंडू धरावा, हेच कळत नाही. समोरचा खेळाडू मात्र वर्षानुवर्षांच्या सवयीने एका हाताने चाक फिरवत बगल देऊन निघून जातो. कोण सक्षम आणि कोण अक्षम, हे त्या मैदानात वेगळं सांगावं लागत नाही.

यात्रा जिथे संपते त्या जागेलाही इतिहास आहे. १२ मार्च १९९० रोजी याच कॅपिटॉलच्या पायथ्याशी काही दिव्यांग आंदोलकांनी आपल्या व्हीलचेअर आणि कुबड्या बाजूला ठेवल्या आणि हातांवर, गुडघ्यांवर रांगत ते दगडी पायऱ्या चढू लागले. त्यात आठ वर्षांची एक मुलगीही होती. अडकून पडलेलं भेदभावविरोधी विधेयक मंजूर व्हावं, ही त्यांची मागणी. त्याच वर्षी २६ जुलैला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी 'अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट'वर सही केली. नोकरी, बससेवा, दुकानं, सरकारी कचेऱ्या अशा सगळ्या ठिकाणी दिव्यांगांना वाट मोकळी करून देणं त्यामुळे बंधनकारक झालं. कायद्याने रॅम्प बांधून घेता येतो. शेजारच्या खुर्चीवर बसून गप्पा मारायला मात्र कोणाला भाग पाडता येत नाही. सायकलवाल्यांचं काम तिथे सुरू होतं.

आता यातली खोच. अशा यात्रांवर दिव्यांग चळवळीतून टीका होते आणि ती बिनबुडाची नाही. घाम सायकलस्वाराचा, फोटो सायकलस्वाराचा, टाळ्याही त्याच्याच. ज्यांच्या नावाने हे चाललंय ते कडेला बसून टाळ्या वाजवणार! ऑस्ट्रेलियाच्या पत्रकार आणि विनोदी कलाकार स्टेला यंग यांनी २०१४ च्या एका गाजलेल्या भाषणात याच वृत्तीवर बोट ठेवलं होतं. त्या स्वतः व्हीलचेअर वापरत. इतरांना स्फूर्ती मिळावी म्हणून दिव्यांगांना वस्तूसारखं वापरणं त्यांना मान्य नव्हतं. रोजचं साधं जगणं जगल्याबद्दल कोणी शाबासकी देऊ लागलं की त्यांना वैताग येई.

या टीकेला सायकलवरूनच मिळालेलं एक उत्तर घाना देशात आहे. इमॅन्युएल ओफोसु येबोआ याचा जन्म १९७७ चा, उजव्या पायाच्या नडगीचं हाड नसलेला. घानात तेव्हा अपंग मूल म्हणजे शाप आणि मोठं झालं की भीक, हीच रीत. वडील घर सोडून गेले. आईने मात्र त्याला शाळेत घातलं. पुढे अक्रा शहरात त्याने बूटपॉलिश केलं, पण हात पसरला नाही. सॅन दिएगोच्या 'चॅलेंज्ड ॲथलीट्स फाउंडेशन'ला पत्र लिहून त्याने एक सायकल मागितली. ती मिळाल्यावर एका पायाने पेडल मारत त्याने घानाभर शेकडो किलोमीटरचा प्रवास केला. वाटेत गावोगावी लोक बघायला जमत. त्यात घरात कोंडून ठेवलेली, रस्त्यावर भीक मागणारी दिव्यांग माणसंही असत. २००६ मध्ये घानाच्या संसदेने दिव्यांग व्यक्तींसाठी कायदा केला. तो एकट्या सायकलमुळे झाला असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. पण लोकांच्या नजरेत जो बदल झाला, त्यात या सायकलचा वाटा होता.

दुसरं उत्तर पुण्याचं आहे. एकोणिसाव्या वर्षी काचबिंदूने दृष्टी गमावलेल्या दिव्यांशु गणात्रा यांनी 'ॲडव्हेंचर्स बियॉन्ड बॅरियर्स फाउंडेशन' ही संस्था काढली. दिव्यांग आणि अदिव्यांग यांनी एकत्र साहस करावं, हा तिचा मंत्र. मनालीहून लडाखमधल्या खारदुंग ला खिंडीपर्यंत दृष्टिहीनांनी जोडीदाराबरोबर टँडम सायकल चालवली ती याच संस्थेच्या मोहिमेत.

टँडम म्हणजे दोघांची सायकल. पुढच्याला कॅप्टन म्हणतात, मागच्याला स्टोकर. हँडल, ब्रेक आणि गिअर कॅप्टनकडे. दोन्ही पेडल एका साखळीने जोडलेली असल्याने एकाने पाय थांबवला की दुसऱ्याचाही थांबतो. त्यामुळे पुढच्याला सतत बोलावं लागतं: 'खड्डा आहे', 'गिअर बदलतोय', 'डावीकडे वळतोय', 'थांबू या'. चढावर मात्र मागच्याचे पाय कमी पडले तर कॅप्टनचं कौशल्य काही कामाचं नाही. दृष्टिहीन माणूस इथे सामान म्हणून बसलेला नसतो; तो निम्मं इंजिन असतो. पॅरालिम्पिकमध्येही दृष्टिहीनांची सायकल शर्यत अशीच, डोळस साथीदारासह टँडमवर होते.

सायकल यात्रा आणि तिचं स्वागत महाराष्ट्राला नवं नाही. डिसेंबर १९८५ मध्ये बाबा आमटे यांची 'भारत जोडो' यात्रा कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाली. तरुण मुलंमुली सायकलवर आणि पाठीच्या दुखण्यामुळे बसू न शकणारे बाबा गाडीत आडवे. तिचा विषय देशाच्या एकात्मतेचा होता. पण स्वतःचं शरीर साथ देत नसताना इतरांना रस्त्यावर उतरवणारा माणूस गावोगावच्या लोकांनी तेव्हा डोळ्यांनी पाहिला.

आपल्याकडच्या स्वागताची पद्धत मात्र ठरून गेलेली आहे. हार, शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन आणि उशिरा येणारे प्रमुख पाहुणे. तीनचाकी सायकल वाटपाचे कार्यक्रम आपण पाहतोच. मंडपात पहिल्या रांगेत लाभार्थी, हाताने पेडल फिरवायच्या नव्याकोऱ्या सायकली ओळीत, व्यासपीठाला चार पायऱ्या आणि रॅम्प नाही. ज्यांच्यासाठी समारंभ, त्यांनाच स्टेजवर चढता येत नाही. मग मान्यवर खाली उतरतात, फोटो निघतो आणि मंडळी पांगतात. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग नोंदले गेले. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि सार्वजनिक जागा सर्वांना वापरता येण्याजोग्या करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. स्वागताचा मंडपही सार्वजनिक जागाच आहे.

तेव्हा तुमच्या गावात अशी यात्रा मुक्कामाला येणार असेल, तर पहिला फोन हारवाल्याला करू नका. गावातल्या दिव्यांगांच्या संघटनेला करा. कार्यक्रम कसा असावा हे त्यांनाच ठरवू द्या. स्टेज हवंच असेल तर त्याला रॅम्प करा, नाहीतर स्टेजच नको. ज्या मंगल कार्यालयाच्या स्वच्छतागृहात व्हीलचेअर जात नाही, ते घेऊ नका. कर्णबधिर मंडळी येणार असतील तर सांकेतिक भाषेचा दुभाषी बोलवा. भाषणं दहा मिनिटांत आटपा आणि उरलेला वेळ जेवायला, खेळायला ठेवा. पाहुणे सकाळी सायकलवर टांग मारून निघून जातील. यजमान गावातच राहणार आहेत. म्हणून ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या दाराशी रॅम्प आहे का, हे दुसऱ्या दिवशी त्यांच्यासोबत जाऊन बघा आणि नसेल तर तिथल्या तिथे अर्ज देऊन या.