घराला रंग देण्यापूर्वी पेंटर कसा निवडावा?

ईद, घरचे लग्न किंवा परभणीचा फेब्रुवारीतील हजरत तुराबुल हक यांचा उर्स जवळ आला की रंगकामाची घाई सुरू होते. ऐनवेळी जो पेंटर मोकळा असेल तो बोलावला जातो, किंवा ज्याचा भाव सर्वांत कमी त्याला काम दिले जाते. पहिल्याच पावसाळ्यात भिंतीचे पोपडे निघतात आणि मग मालक, पेंटर व दुकानदार एकमेकांना दोष देतात. आपल्या वाचकांत हे तिघेही आहेत, म्हणून या विषयाकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो.

पेंटरची पारख नव्या कामावरून होत नाही. ताजा रंग सगळाच चांगला दिसतो. एक-दोन पावसाळे काढलेले घर दाखवण्यास सांगावे. खिडकीखालचा भाग, मोरीलगतची भिंत आणि छताचे कोपरे पाहावेत. भिंतीवर तळहात फिरवावा; रंगाची भुकटी हाताला लागत असेल तर समजून घ्यावे.

नंतर तो आपल्या घरात आधी काय पाहतो याकडे लक्ष द्यावे. आपल्या जिल्ह्यातील काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे भिंतींना भेगा पडतात. जाणता पेंटर रंगाची छटा विचारण्याआधी भेगा व ओल तपासतो आणि गरज असेल तर "आधी गवंडी बोलवा" असे सांगतो. ओलीवर पुट्टी ओढून देणारा स्वस्त वाटतो, पण तेच काम पुन्हा करावे लागते.

भावात मोठी फसगत मोजमापाची असते. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंच खोलीची जमीन 120 चौरस फूट भरते. रंगवायच्या चार भिंती मात्र 440 आणि छत 120, असे 560 फूट होतात. एक दार व एक खिडकी वजा जाता सुमारे 520 फूट उरतात. एकाचा भाव जमिनीच्या फुटावर आणि दुसऱ्याचा भिंतीच्या फुटावर असेल तर तुलना कशी होणार? भाव मालासकट की नुसत्या मजुरीचा, घासकाम, पुट्टी व प्रायमर त्यात आहे का, रंगाचे हात किती, हे आधी विचारावे.

माल कोण आणणार हेही ठरवावे. काही कंपन्या पेंटरला डब्यामागे टोकन किंवा गुण देतात. तो त्याचा लाभ आहे, पण मालाची निवड त्यावरून होऊ नये. डबे सीलबंद आणावेत व पक्के बिल घ्यावे. 2017 च्या नोव्हेंबरपासून घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दशलक्षात 90 भागांपेक्षा अधिक असू नये असा नियम आहे. डब्यावर तसा उल्लेख पाहावा. दारे-खिडक्यांवरील जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असू शकते. तो कोरडा घासू नये, ओला करून घासावा आणि मुलांना दूर ठेवावे.

शेवटी, गुत्ता तोंडी ठेवू नये. उधार-मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहे. एका कागदावर मोजमाप, भाव, मालाचे नाव व मुदत लिहून दोघांनी सह्या कराव्यात. पैसे टप्प्याने द्यावेत: थोडी आगाऊ रक्कम, पुट्टी झाल्यावर काही, पहिल्या हातानंतर काही आणि उरलेली काम पाहून. मात्र काम पुरे झाल्यावर मजुरी अडवून ठेवणे हा कारागिरावर जुलूम आहे.

पेंटर बांधवांनीही असे कागद जपून ठेवावेत. 18 ते 60 वयाच्या आणि मागील वर्षात किमान 90 दिवस काम केलेल्या कारागिराला राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. पेंटरही त्यात मोडतात. 90 दिवसांचा दाखला मागण्याची वेळ येते तेव्हा कोठे, किती दिवस काम केले हे सांगण्यास हेच कागद उपयोगी पडतात.