सैल गोळी, पक्का नेम

ठासणीच्या बंदुकीचा नेम सुधारायचा तर गोळी नळीत घट्ट बसायला हवी. पण घट्ट गोळी तोंडाकडून आत ढकलायची कशी? एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातले बंदूक-कारागीर या पेचाने हैराण झाले होते. गुळगुळीत नळीच्या ब्रिटिश मस्केटचं तोंड पाऊण इंचाचं आणि गोळी मुद्दाम त्याहून बारीक. ती आतल्या आत आपटत निघायची आणि शेवटचा धक्का जसा बसेल तशी भरकटायची. शंभर यार्डांपलीकडे एकट्या माणसावर नेम धरणं म्हणजे दारूची नासाडीच. आटे पाडलेल्या नळीची रायफल होती, पण तिच्यात गोळी ठासेपर्यंत शत्रू अंगावर यायचा.

फ्रान्सच्या क्लोद मिनिए यांनी १८४९ मध्ये टोकदार, बुडाशी पोकळ अशी शिशाची गोळी काढली. आत जाताना सैल. दारू पेटली की वायूच्या दाबाने बूड फुलतं, आट्यांत रुततं आणि गोळी गिरक्या घेत बाहेर पडते. ब्रिटिश सरकारने मिनिएंना २०,००० पौंड दिले. फुलणाऱ्या गोळीची कल्पना आधीच मांडणाऱ्या आपल्याच विल्यम ग्रीनर यांच्या हातावर मात्र पुढे १,००० पौंड टेकवले!

याच तत्त्वावरच्या १८५३ च्या ब्रिटिश एन्फिल्ड रायफलची नळी ०.५७७ इंची होती, तिची गोळी ०.५६८ इंची. नऊ सहस्रांश इंचांची ही फट काजळीने बुजायची. काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळूनही घन अवशेष म्हणून उरतो आणि कोरड्या उन्हात तो नळीत कडक होऊन बसतो. त्यावर उपाय वंगणाचा. काडतुसाचं दारूकडचं टोक फाडायचं, दारू ओतायची, काडतूस उलटं करून चरबी लावलेल्या कागदासकट गोळी तोंडात बसवायची, उरलेला कागद फाडून टाकायचा आणि गजाने गोळी खाली दाबायची. म्हणजे १८५७ मध्ये शिपायांचा संताप ज्या चरबीवर उसळला, ती नेमाच्या यंत्रणेचाच भाग होती. ते टोक दातांनी फाडावं लागे, इथे विज्ञानाची गाठ धर्माशी पडली. पुढे मेणाचं वंगण आलं आणि गोळी ०.५५ इंचांवर उतरवून तिच्या पोकळीत लाकडी बूच बसवलं. गोळी आणखी सैल झाली, तरी बूड पुरेसं फुलत असल्याने नेम टिकला. या सगळ्या खटाटोपातली ही करामत मला सर्वांत चलाख वाटते.

मँचेस्टरचे यंत्रज्ञ जोसेफ व्हिटवर्थ यांनी वेगळा हिशेब मांडला. एन्फिल्डच्या आट्यांना ७८ इंचांत एक वेढा, म्हणजे ३९ इंची नळीत गोळीची जेमतेम अर्धी गिरकी. व्हिटवर्थ यांनी २० इंचांत एक वेढा दिला, नळी ०.४५१ इंची आणि षट्कोनी केली. गोळीचं वजन तेच. त्यामुळे ती बारीक आणि लांब झाली. अशा गोळीला हवेचा अडथळा कमी, पण ती कोलमडू नये म्हणून गिरकी जास्त लागते. १८५७ च्या चाचणीत ५०० यार्डांवर एन्फिल्डचं सरासरी विचलन सव्वादोन फुटांच्या आसपास, तर व्हिटवर्थचं साडेचार इंचांच्या. १,४०० यार्डांवर एन्फिल्डच्या गोळ्या लक्ष्याला लागेचनात.

लष्कराने तरीही व्हिटवर्थ नाकारली. ती कैकपट महाग होती आणि तिची अरुंद नळी काजळीने लवकर तुंबायची.