कोयता गेला, वेचणी राहिली

दिवाळी झाली की गंगाखेड, पालम, सोनपेठ भागातल्या वस्त्यांत बोचकी बांधली जातात. मुकादमाचा ट्रक दारात उभा असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल पावसाळ्यातच घेतलेली, अन् खर्चूनही गेलेली. पश्चिम महाराष्ट्र नाहीतर कर्नाटक गाठायचे, ते थेट मार्च-एप्रिलपर्यंत. मागे उरतात म्हातारी माणसे आणि शाळेची लेकरे.

नेमका याच दिवसांत परभणीच्या काळ्या रानात कापूस फुटतो. बोंडे उमलतील तशी तीन-चार वेळा वेचणी करावी लागते, आणि ती आजही हातानेच होते, बहुतेक आयाबायांच्या हाताने. वेळेवर वेचला नाही तर कापूस लोंबतो, त्यात पाला-कचरा अडकतो, अवकाळी पाऊस आला तर पिवळा पडतो. पीक आले, पण घरात आले नाही! मोठे शेतकरी सोयाबीनकडे वळले, त्याचे हेही एक कारण. तिथे मळणीपर्यंत बरेचसे काम यंत्रावर निभते.

‘मजूर माजले’ असे पारावर बोलले जाते. आम्ही विचारतो, मजूर हौसेने गाव सोडतो काय?

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. दोष नुसत्या लहान तुकड्यांचा नाही; जमिनीवर माणसांचा भार फार आणि भांडवल, अवजारे अपुरी, असे त्यांनी मांडले. जादा हात उद्योगधंद्यात गेले तर शेतीही सुधारेल, हा त्यांचा उपाय. मग आज हात निघाले, तरी शेती का सुधारत नाही? कारण आपला माणूस कारखान्यात गेला नाही. तो कारखान्यासाठी उसाच्या फडात गेला. एका शेतातून दुसऱ्या शेतात! मजुरी उचल फेडण्यात जाते, रानात घालायला पैसा उरतो कुठे?

आणि आपले स्वतःचे रान? कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ व १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहांनंतर मराठवाड्यातल्या कित्येक कुटुंबांनी गायरान कसले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय १९९१ मध्ये निघाला, तरी अनेकांचे नाव सातबाऱ्यावर चढले नाही. सातबारा नाही म्हणून बँकेचे पीककर्ज नाही; पीककर्ज नाही म्हणून मुकादमाची उचल. उचल घेतली की रब्बीची ज्वारी पेरायला माणूस असतो, काढायला नसतो. काढणी फेब्रुवारी-मार्चची, ट्रक परततो त्यानंतर. मग म्हातारी पेरतच नाही. दोन एकर रान पड राहते, आणि उन्हाळ्यात त्याच घरची माणसे दुकानातून ज्वारी विकत आणतात.